सत्कारासाठी रंगवलेली प्रयोगशाळा

मॅडमकडे संशोधनाला लागले, त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला कन्हान नदीवर नेलं. नदीत सांडपाणी मिसळतं तिथे साडी खोचून त्या गुडघाभर काळ्या गाळात उतरल्या. मी नाकाला ओढणी लावून काठावर उभी.

"काहून वं, घाण वाटून राहिली काय?" त्या हसल्या. "हे घाण खाणारे जीव इथंच राहतात. त्यायले भेटाले इथंच या लागते."

आमच्या विभागात स्वतःची प्रयोगशाळा उभी करणाऱ्या त्या पहिल्या बाई. त्याआधी बायकांना फक्त शिकवायला घेत. गाळातून त्यांनी वेगळे काढलेले जिवाणू कारखान्यांच्या पाण्यातले विषारी रंग खाऊन टाकत. पण सहकारी पाठीमागे त्यांना 'नालीवाली बाई' म्हणत आणि डब्याच्या वेळी त्यांच्या शेजारून उठून जात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्या निवृत्त झाल्या, मी तिथेच नोकरीला लागले. त्यांचे जिवाणू आणि गाळाचे नमुने विभागाच्याच डीप फ्रीजरमध्ये राहिले. गेल्या उन्हाळ्यात अचानक विभागाला त्यांचा सत्कार करावासा वाटला. सुट्टीत भिंती रंगवल्या.

समारंभात विभागप्रमुख बराच वेळ बोलले. "मॅडमनी विभाग अगदी घरासारखा स्वच्छ ठेवला," म्हणाले. त्यांच्या हातच्या पाटवडीचंही कौतुक झालं. जिवाणूंबद्दल एक अक्षर नाही.

शाल-श्रीफळ झाल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "चाल, माह्या लेकरायले भेटून येऊ."

प्रयोगशाळेत अत्तरासारखा गोड वास भरला होता. मॅडमनी फ्रीजर उघडला आणि आतून कुजलेला भपकारा आला. सगळं वितळलेलं. काळं पाणी दारातून फरशीवर ओघळलं. प्लग सॉकेटमधून काढलेला, नुसताच लोंबत होता, त्यावर ताज्या रंगाचे शिंतोडे.

विभागप्रमुख मागोमाग आले. "रंगवाल्यांनी काढला असणार," ते म्हणाले. "मला परवा वास आला तेव्हा कळलं. म्हटलं, कार्यक्रम होऊन जाऊ दे, उगाच मॅडमचा मूड जायचा. रूम फ्रेशनर मारून घेतला."

हे सांगताना ते पेढा खात होते. मी बेसिनकडे धावले आणि ओकले.

परत आले तर मॅडम खाली बसून अंगावरच्या शालीने फरशी पुसत होत्या.

"अहो मॅडम, शाल चांगली आहे हो," ते म्हणाले.

"हो. पाणी चांगलं शोषून राहिली," मॅडम म्हणाल्या. वर पाहिलंही नाही.

मग आम्ही दोघींनी एकेक कुपी पुसून तपासायला घेतली. पुढचे कित्येक आठवडे त्यांतले जीव पुन्हा वाढवायचा प्रयत्न चालला. काही उगवले. लाल रंग खाणारा, त्यांना सगळ्यात आधी सापडलेला, गेला तो गेलाच.

आता त्या माझ्याच टेबलाशी येऊन काम करतात. विभागप्रमुख जाता-येता डोकावतात, "कशा आहात मॅडम?" विचारतात. त्या नीट उत्तर देतात. माझ्याच्याने होत नाही. विभागप्रमुखांनी आमच्यासाठी चहा पाठवला की माझा कप मी बेसिनमध्ये ओतते.