मिरजेच्या बांचं भजन

मिरज स्टेशनावर मला सोडायला दोन माणसं आली होती आणि दोघांनी मला एकेक प्रश्न विचारला. वडिलांनी विचारलं, "सर्टिफिकेटं कुठं ठेवलीस?" आईनं, गाडी हलल्यावर, खिडकीचा गज धरून दोन पावलं चालत विचारलं, "तिकडं गातात का रे?"

मी बडोद्याला चाललो होतो, कोयली रिफायनरीजवळच्या एका कारखान्यात नोकरीला. रिफायनरीच्या शेजारी लोक गातात की नाही, याची चौकशी मी केलेली नव्हती. "गात असतील," म्हणालो. तेवढ्यावर तिनं गज सोडला. जिथं माणसं गातात तिथं आपला मुलगा उपाशी राहणार नाही, असा काहीतरी तिचा हिशोब असावा.

तुम्ही जे मिरजेतच राहिलात, त्यांना हे समजावून सांगायला नको. जे माझ्यासारखे उठून गेले त्यांच्यासाठी सांगतो, कारण आपण विसरतो. आमच्या गल्लीत तंबोऱ्याचे भोपळे वाळत पडलेले असायचे आणि आईचं बोट धरून मी मैफलींना जायचो. बंदिशीचे शब्द तिथं कुणालाच कळत नसत. 'पिया' तेवढा कळायचा, आणि तो कधीच घरी आलेला नसायचा. तरी माणसं डोळे पुसायची. गाणं आवडायला शब्द कळावे लागतात ही बातमी मला बडोद्यात आल्यावर समजली, आणि तिनं माझं फार नुकसान केलं.

बडोद्याच्या कडेला, छाणीत, एका वर्कशॉपच्या माडीवर खोली मिळाली. खाली लेथ, वर मी. शेजारच्या खोलीत केरळचा एक फिटर राहायचा. तो आंघोळ करताना गायचा आणि मी बाहेर बादली घेऊन, नंबर लावल्याच्या मिषानं, ऐकत उभा राहायचो. त्या गाण्यात एक होडी आहे आणि काठावर कुणीतरी वाट बघतंय, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं. रविवारची दुपार, खाली लेथ बंद, सगळी छाणी झोपलेली, अशा वेळी ती होडी मला फार उपयोगी पडली. एकदा त्यानं मला अर्थ सांगायला तोंड उघडलं, तेव्हा मी आईनं पाठवलेला अख्खा बेसनाचा लाडू त्याच्या तोंडात कोंबला. होडी वाचली.

नवरात्रात शेरीत, म्हणजे गल्लीत, गरबा असायचा. तेव्हा तो तोंडीच गायचे. मधे एक बाई ओळ म्हणायची आणि गोल फिरणाऱ्या सगळ्याजणी तीच ओळ झेलून परत म्हणायच्या. त्याला तिकडे झीलवणं म्हणतात. आपल्याकडे गोंधळात झील धरतात, तसंच. एक अक्षर न समजता मी बाहेरच्या रिंगणात झील धरत फिरायचो, आणि तेवढा वेळ बडोद्यात एकटा नसायचो.

पुढं भाजीवाल्यांनी, फोरमननं आणि शेजाऱ्यांनी मिळून मला गुजराती शिकवलं. ज्या ओळीसाठी माझा जीव तुटायचा, तिच्यात एक बाई नवऱ्याकडे बांगड्या मागत होती. मागू देत बिचारी, पण मला वाटलं होतं ती मिरजेला परत चालली आहे.

त्याच कारखान्याच्या ऑफिसात दक्षा होती. आमच्या लग्नाला दोन्ही घरांतून झालेला विरोध हा वेगळा आणि तीन अंकी विषय आहे, तो सोडतो. लग्न बडोद्याजवळच्या पादरा तालुक्यात, तिच्या गावी झालं. मिरजेहून आई, वडील आणि मामा आले. मामा म्हणजे आमच्या घरातले अधिकृत जाणकार. प्रेशर कुकरच्या शिट्टीचाही ते सूर सांगत.

आता हे नीट ऐका. गुजराती लग्नात मुलीकडच्या बायका वरपक्षाला फटाणां गातात. म्हणजे गाऊन शिव्या. वरपक्षानं हसायचं, आणि जीभ असेल तर गाऊनच परत करायच्या. आपल्याकडे मात्र मुलीकडची मंडळी विहीण म्हणतात. आमची लेक सांभाळा, असं वरमाईला हात जोडून विनवणारं गाणं. ते ऐकून कोरडे डोळे ठेवणारी वरमाई अजून जन्मायची आहे.

दक्षाची कमुमासी ढोलकी घेऊन आईसमोर येऊन बसली. मागं पंधरावीस बायका. कमुमासीनं हात आईकडे करून पहिली ओळ उचलली:

"वेवाण बेठी गाडे, ने गाडुं भांगी ग्युं."

आईला एकच शब्द लागला, वेवाण. विहीण! ती सावरून बसली. पदर डोक्यावर घेतला. गाणं सांगत होतं की वेवाण बसली आणि गाडं मोडलं. वेवाण जेवली आणि आचारी गाव सोडून पळाला. वेवाणीचं नाक सकाळीच मांडवात पोचलं, मागून दुपारी वेवाण आली. आणि आईच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मामा डोळे मिटून पुटपुटले, "मांड राग आहे. शुद्ध मांड." वडिलांनी रुमाल काढला. मी नवरदेव, मुंडावळ्यांच्या आड, गालाच्या आतली बाजू चावत बसलो होतो.

गाणं संपलं. आई उठली, दक्षाच्या आईला तिनं मिठी मारली आणि मराठीत म्हणाली, "काही काळजी करू नका. मुलगी आता माझी."

फटाण्याला असं उत्तर त्या गावानं कधी ऐकलं नव्हतं. मराठी कुणाला येत नव्हतं, पण कमुमासीनं ढोलकी खाली ठेवली, आणि मग दक्षाची आईही रडायला लागली.

आईनं ते गाणं मिरजेला नेलं. सूर तिला एकदा ऐकून पुरे. शब्दांचे कोपरे झिजलेले, पण रोज सकाळी देवाला फुलं वाहताना ती तेच म्हणायची, वेवाणीचं नाक आणि आचारी यांच्यासकट. दिवाळीला गेलो तेव्हा मी दक्षाला म्हणालो, आपण तिला सांगून टाकूया. ती फुलवाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगायचं नाही हं. मी त्या शब्दांवर या घरात नाही आले. मम्मीच्या रडण्यावर आले." माझ्या आईला ती मम्मी म्हणायची.

वडील गेल्यावर आईला बडोद्याला, मांजलपुरात आणलं. आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आम्ही दोघं सकाळी स्कूटर काढून कामावर जायचो, मुलगी कॉलेजला, आणि आई बाल्कनीत उभी राहून ज्यांची नावं माहीत नाहीत अशा माणसांना हात करायची. तिला भाषा येत नव्हती. चार वाक्यं पाठ केली होती, ती दूधवाल्यावर संपायची. "मिरजेला मी दिवसभर बोलायची असं नाही रे," ती एकदा म्हणाली, "पण गप्प बसले तर कुणीतरी विचारायचं, का गप्प?"

सोसायटीत दर गुरुवारी दुपारी बायकांचा सत्संग असे. आई जाऊन मागं बसायची, टाळ्या वाजवायची, परत यायची. एक दिवस येऊन म्हणाली, "प्रत्येकीनं एकेक म्हणायचं असतं. पुढच्या गुरुवारी मी माझं म्हणते. गुजरातीच आहे, त्यांना बरं वाटेल."

त्या खोलीखेरीज तिला या शहरात जायला जागा नव्हती. दक्षानं आठवडाभर तिला एक साधं भजन शिकवायचा प्रयत्न केला. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शब्द चांगले असतील. सूर दरिद्री आहे."

गुरुवारी मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिलो आणि खालच्या मजल्यावरच्या जिन्यात, चोरासारखा, उभा राहिलो. दार उघडं होतं. आईनं डोळे मिटले, हात जोडले, आणि देवासमोर सुरू केलं, वेवाण बेठी गाडे.

मग कुणालातरी ठसका लागला. एक तरुण सून तोंडात ओढणी कोंबून खाली वाकली. आई पहिली ओळ म्हणून थांबली, कारण गाण्याची रीत तिला माहीत होती. इथं झील धरायची असते. ती डोळे मिटून वाट बघत होती. मी जिन्याचा कठडा धरला होता.

सविताबा सगळ्यांत म्हाताऱ्या. सत्संग त्यांच्याच घरात. त्यांनी मंजिरा उचलला, वाकलेल्या सुनेच्या पाठीत एक धपाटा घातला आणि खणखणीत आवाजात झील धरली: गाडुं भांगी ग्युं. मग त्यांच्या वयाच्या दोघी, मग बाकीच्या. आचारी पळाला तिथं टाळ्यांचा वेग वाढला. त्या सगळ्या देवाकडे बघत होत्या, खांदे गदगदत होते, आणि आईला वाटत होतं भक्तीनं.

सत्संग सुटल्यावर सविताबांनी मला जिन्यात पकडलं. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "कांई कहेता नहीं, भाई. केटलां वरसे कोईए गायुं."

किती वर्षांनी कुणीतरी हे गायलं. त्यांच्या नातवांच्या लग्नांत डीजे होता. फटाणां त्यांच्या तोंडातच राहून गेली होती.

तेव्हापासून सत्संग त्या गाण्यावर संपायचा. त्याला नाव पडलं, मिरजेच्या बांचं भजन. म्हाताऱ्या बाईला इथं बा म्हणतात. आई गुरुवारची वाट बघायला लागली. एका गुरुवारी तिला ताप होता आणि ती खाली गेली नाही. संध्याकाळी दोघीजणी दारात येऊन विचारू लागल्या, "बा, केम नहीं आव्यां?" आईला ते बरोबर कळलं. का नाही आलात, म्हणजे का गप्प, असंच त्या विचारत होत्या.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. इथल्या रिवाजाप्रमाणे बेसणुं ठेवलं. पांढऱ्या कपड्यांत लोक येतात, थोडा वेळ बसतात, भजनं म्हणतात, जातात. मिरजेहून मामा आले, काठी टेकत. एका बाजूला मिरजेची माणसं, समोर सोसायटीतल्या बायका. दोन भजनं झाली. मग सविताबांनी माझ्याकडे पाहिलं, मी दक्षाकडे, आणि दक्षानं मान हलवली.

त्यांनी ते अगदी संथ घेतलं. मंजिरा नाही, टाळी नाही. फोटोतल्या आईकडे बघत सगळ्या म्हणाल्या, वेवाण बेठी गाडे. मिरजेच्या रांगेत एकेक हात जोडला गेला. मामा डोळे मिटून पुटपुटले, "मांड." गालांवरून पाणी ओघळत होतं. दक्षा डोक्यावर पदर घेऊन झील धरत होती, आणि गाडं मोडलं तिथं तिचा आवाजही मोडला.

मी कुठं बसायचं? मिरजेच्या रांगेत बसलो तर मला अर्थ कळत होता. बायकांच्या रांगेत बसलो तर माझ्यानं गाववत नव्हतं. दोन सतरंज्यांच्या मधे फरशीची एक पट्टी उघडी होती, तिथं बसलो. हसू आणि रडू यांचा घशात कुठं तरी अपघात झाला होता. त्या खोलीत इतकी माणसं होती आणि ते गाणं नुसतं ऐकू न शकणारा मी एकटा.

सध्या दक्षा मुलीकडे मेलबर्नला आहे, बाळंतपणासाठी. संध्याकाळी कामावरून येतो, कुकर लावतो, आणि फोनवर कुठल्यातरी देशातलं गाणं लावतो. कोण गातंय, कुठली भाषा, बघत नाही. फोन खाली अर्थ दाखवायला लागला की अंगठ्यानं झाकतो. त्या गाण्यांतल्या सगळ्या बाया मिरजेला परत चाललेल्या असतात. इतक्या वर्षांनी मला घर म्हणजे एवढंच उरलं आहे, की आपण ओळ म्हणून थांबलो तर कुणीतरी झील धरेल. छाणीत, मांजलपुरात, मिरजेत, कुठंही.

सकाळी दक्षाचा व्हिडिओ कॉल येतो. नातू मांडीवर असतो. ती त्याला झोपवताना, दुसरं काय, तेच म्हणते. मी इथून झील धरतो, पण फोनला वेळ लागतो. माझं गाडं तिकडे पोचून मोडेपर्यंत तिचा आचारी पळालेला असतो. आमचं जमत नाही. बाळ मात्र डोळे मोठ्ठे करून, हलायचं थांबून, पूर्ण ऐकतं.

त्याला अजून कुठलीच भाषा येत नाही. आईनंतर ते गाणं नीट ऐकणारा तो पहिलाच.