साडीवरचा शर्ट

कापूस वेचणाऱ्या दलित बाईवरचा तो सिनेमा मला आवडला होता, हे आधीच कबूल करते. यवतमाळच्या कॉलेजात मी साहित्यातल्या आणि सिनेमातल्या बायांबद्दल शिकवते, तावातावानं लिहिते. गोऱ्या नटीला सावळा रंग फासून आमच्यातली बाई उभी करतात, यावर लेखात एक अख्खा परिच्छेद झाडला होता. बाकी सिनेमासाठी मात्र 'अस्सल' हा शब्द तीनदा वापरला. वर स्वतःवर खूशही होते.

लेख छापून आल्यावर पांढरकवड्याला आईकडे गेले. तिला तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि मोबाइलवर सिनेमाही लावला. आईनं जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचला. मला तिचं मत नको होतं, कौतुक हवं होतं.

वेचणीचा प्रसंग आला. नटी वाकलेली, पाठ उघडी, कॅमेरा कमरेवर रेंगाळत होता. आई म्हणाली, "इचा शर्ट कुठी गेला वं?"

आमच्याकडे वेचायला जाणारी बाई साडीवर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट चढवते. वाळल्या बोंडांची टोकं हात ओरबाडतात, ऊन वेगळंच. बाबांचा शर्ट घातलेली आई रोज बघत मी वाढले. तो पडद्यावर नाही, हे माझ्या शिकल्यासवरल्या डोळ्यांना दोनदा बघूनही दिसलं नव्हतं.

"यांना राबणारी बाईसुद्धा कंबर दाखवणारीच लागते," मी तणतणले. त्या दिग्दर्शकाचा मी पार उद्धार केला. माझी चूकही त्याच्याच माथी मारून मोकळी झाले.

आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याले कायले बोलतं? तूनं बी त काढाले लावलता."

तेव्हा मी आठवीत होते. कुठल्याशा कागदावर अंगठा द्यायला आई वावरातून थेट शाळेत आली होती, अंगात तोच शर्ट. वर्गातल्या मुली खिडकीतून बघत होत्या. मी फाटकाकडे धावले आणि म्हणाले, "तो काढ आधी, मग आत ये." तिनं तिथंच उभं राहून बटणं सोडली, शर्टाची घडी काखेत धरली आणि ओरबाडलेले हात पदराखाली घेऊन माझ्या मागं चालत आली.

यवतमाळला परतल्यावर मी दुसरा लेख लिहिला. शर्टाबद्दल सविस्तर लिहिलं, दिग्दर्शकाला चांगलं झोडपलं. लोकांनी वाखाणला. शाळेच्या फाटकाबद्दल त्यात एक ओळही नाही.