विष कुठंय त्यात?

ताईसमोर कुणी ‘विषाणू’ म्हटलं की ती हातातलं काम थांबवायची. “विष कुठंय त्यात?” तिच्या प्रयोगशाळेतला विषाणू फक्त जिवाणूंमध्ये वाढायचा, माणसाला त्याची बाधा नव्हती. “त्याला धागा म्हणा,” ती सांगायची. तो होताच तसा, लांब आणि बारीक. आता घरात तो शब्द निघतो तेव्हा सुधारणारं कुणी नाही.

धागा हा शब्द तिला घरातच मिळाला. उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या आमच्या खोलीत शिवून आलेल्या जीन्सचे ढीग असत आणि आई त्यांचे लोंबणारे धागे कापत बसे. मुंबईहून संशोधन करून परतली की ताईही कात्री घेऊन तिच्या शेजारी बसायची.

“तुझे जंतू करतात तरी काय गं?” आईने एकदा विचारलं.

“जीन्सच्या धाग्याला निळा रंग धरतो ना? तसं माझ्या धाग्याला टायटॅनियम धरायला शिकवायचंय. त्याचं जनुक थोडं बदललं की जमेल. मग त्या धाग्यांच्या बारीक तारा होतील, त्यांचा सोलर सेल. उन्हाची वीज त्यांच्यावरून न अडखळता बाहेर येईल.”

“आधी घरातली वीज आण.”

लोडशेडिंग होतं, मेणबत्ती लावली होती. ताई इतकी हसली की कात्री खाली पडली.

माल न्यायला येणारे सिंधी शेठ चिडवायचे, “क्या डॉक्टर, बीमारी से बत्ती जलेगी?”

“बीमारी नहीं शेठ, धागा!”

बऱ्याच फसलेल्या प्रयोगांनंतर एकदा ती सूक्ष्मदर्शकातला फोटो घेऊन धावतच आली. “धरलं गं आई, धरलं!”

आईने चष्मा लावून पाहिलं. “हे तर माझ्या फरशीवरचेच धागे.”

सेल जुळवायचा तेवढा राहिला होता. त्याच सुमारास तिला कावीळ झाली. अंबरनाथच्या दवाखान्यातून मुंबईला हलवलं, पण यकृत निकामी झालं होतं. ती गेली. डॉक्टरांनी कारण सांगितलं, त्यातला आईने एकच शब्द ऐकला.

“विषाणू. तिचाच ना?”

“नाही आई. हा पाण्यातून आलेला, वेगळा.”

आई अजून तेच विचारते. मी पुस्तकं आणली, वाचून दाखवली, चित्रं दाखवली. परवा ताईचंच वाक्य म्हणून पाहिलं, “विष कुठंय त्यात?”

आई कात्री न थांबवता म्हणाली, “तिनं सांगितलं असतं तर पटलं असतं.”