शेखबाई पोरांना शिकवत नसत

शेखबाई चिडक्या होत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या गेल्यावर विश्रांतवाडीत आम्ही ओळखीची माणसं जमलो, तेव्हा एकेक जण उठून त्या किती शांत, किती प्रेमळ, किती गोड होत्या ते सांगत होता आणि मी मागच्या खुर्चीत बसून दातओठ खात होते. गोड? ज्या बाईंनी माझ्या ओळखीतल्या निम्म्या बापांना जिन्यावरून परत पाठवलं, त्या गोड? माणूस गेलं रे गेलं की त्याला साखरेच्या पाकात बुडवायची आपल्याकडे भारी घाई. बाईंना राग यायचा, रोज यायचा, आणि ज्या गोष्टींवर तो यायलाच हवा त्या गोष्टींवर यायचा. निदान तेवढा तरी त्यांच्याकडे राहू द्या.

शनिवार पेठेतल्या एका शाळेत त्यांनी उभी हयात काढली. ज्या मुलांना अक्षरं दाद देत नाहीत, आकडे जागेवर सापडत नाहीत, अशा मुलांना कसं शिकवायचं याचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेलं. निवृत्त झाल्यावर आळंदी रस्त्यालगत आमच्या मागच्याच इमारतीत राहायला आल्या. बोलणं अस्सल पेठेतलं. आडनाव कळलं की लोकांचे चेहरे जरासे बदलायचे आणि मग कुणीतरी कौतुकाने म्हणायचं, तुम्ही मराठी किती छान बोलता हो. त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं. "तुम्हीही बरं बोलता. सरावाने आणखी सुधारेल."

माझी ईश्वरी तेव्हा पाचवीत होती. तोंडाने विचाराल ते सांगायची, पण पुस्तक उघडलं की ओळ हरवायची, शब्द अर्ध्यात सोडून अंदाजाने भलतंच काहीतरी म्हणायची. तपासणी झाली, डिस्लेक्सिया असं नाव मिळालं. नाव मिळून उपयोग काय? शाळेला कागद नेऊन दाखवला, तर वर्गशिक्षिका म्हणाल्या, घरी लक्ष द्या. लक्ष द्यायचं म्हणजे काय करायचं, तर चुकलेला धडा पुन्हा पुन्हा लिहून घ्यायचा. ज्याच्यामुळे पोर आजारी पडली तेच तिला चमच्याने भरवायचं! कुणीतरी शेखबाईंचं नाव सांगितलं म्हणून मी पोरीचं बोट धरून त्यांच्या दारात गेले. त्यांनी ईश्वरीच्या हातावर तिखटमीठ लावलेली पेरूची फोड ठेवली, तिला खाली खेळायला पाठवलं आणि मला सांगितलं की मी पोरांना शिकवत नाही, आईबापांना शिकवते. बाप कुठे आहे? मी म्हटलं, हडपसरला कंपनीत, शिफ्ट असते. "अर्धा पालक मी घेत नाही. जोडीने या," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. अख्खा जिना मी त्यांना शिव्या घालत उतरले.

आता ईश्वरीच्या बाबांविषयी. श्रीकांत कंपनीत तपासणी विभागात. तयार झालेल्या मालातली खोट काढायची, हे त्याचं काम, आणि त्यात तो पटाईत. पोरीची खोट त्याने केव्हाच काढून ठेवली होती: हुशार आहे, पण मन लावत नाही. आम्ही मूळचे यवतमाळकडचे. माझे थोरले दीर, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, ते तिकडे एका निवासी शाळेच्या समितीवर. त्या दोघा भावांनी फोनवर परस्पर ठरवून टाकलं की जूनपासून ईश्वरीला तिथे ठेवायचं. शिस्त लागेल, सुतासारखी सरळ होईल. अंधारात बाथरूमला जाताना आईला हाक मारणारी पोर, आणि तिला सातशे किलोमीटरवर नेऊन सरळ करायची! मी घर डोक्यावर घेतलं. शेवटी एवढंच कबूल करून घेतलं की जूनपर्यंत तो माझ्यासोबत शेखबाईंकडे येईल. मगच काय ते ठरवू.

शनिवारी संध्याकाळी बाईंच्या जेवणाच्या टेबलाभोवती चार-पाच जोडपी बसायची. कुणाच्या हातात हेल्मेट, कुणाच्या पिशवीत मेथीची जुडी. बाई आम्हाला गृहपाठ द्यायच्या आणि पुढच्या शनिवारी तपासायच्या, आणि तो केला नसला तर मोठमोठे आयटीवाले खाली मान घालून बसायचे. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. ओळ हरवते ना, मग जाड कागदाला खिडकी कापा, एकच ओळ दिसू द्या. अभ्यास थोडा वेळ, आणि पोर दमायच्या आधी थांबवायचा. निबंध लिहीत असेल तर तेव्हा शुद्धलेखनाविषयी चकार शब्द काढायचा नाही. श्रीकांतला पहिला गृहपाठ मिळाला तो असा की आठवडाभर ईश्वरीची एकही चूक बोलून दाखवायची नाही. "चुका शोधायचे तुम्हाला तिकडे पैसे मिळतात," बाई म्हणाल्या, "मग घरी येऊन फुकट कशाला राबता?" बाकीचे हसले, श्रीकांत हसला नाही. त्याच दिवशी जेवताना तिने डाव्या हाताने पाण्याचा पेला उचलला, श्रीकांतने लगेच टोकलं आणि गृहपाठ संपला.

रव्याचं तर विचारूच नका. बाईंनी सांगितलं होतं की घोळ होणारी अक्षरं ताटात रवा पसरून बोटाने काढू द्या. हाताला आठवण राहते, चुकलं तर ताट हलवायचं, चुकीची खूणसुद्धा उरत नाही. किती सोपी, किती मायेची गोष्ट! आमच्या घरात तिचं काय झालं? मी बाहेर गेले होते. परत येऊन बघते तर ईश्वरी फरशीवर बसून एकच अक्षर गिरवतेय, बोटाचं टोक लाल झालंय, आणि हा शेजारी बसून मोजतोय. पुन्हा. पुन्हा. जे औषध दिलं त्याचीच शिक्षा करायची ही अक्कल फक्त आपल्या लोकांना सुचते. मी शनिवारी सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं. बाईंनी श्रीकांतला उठायला लावलं, दारापर्यंत पोहोचवलं आणि म्हणाल्या, पुढच्या शनिवारी माणूस होऊन या. आश्चर्य म्हणजे तो आला. राग धरून का होईना, आला.

मग बाईंनी त्याला रोज वाचून दाखवायचं काम दिलं. ईश्वरीने वाचायचं नाही, बाबांनी वाचायचं, तिने ऐकायचं. विज्ञान, इतिहास, जे असेल ते. त्याला हे मुळीच पटलं नाही. अशाने ती स्वतः कधी वाचणार, हा तर आळसाला उत्तेजन देण्याचा प्रकार झाला, असा त्याचा वाद. बाई म्हणाल्या, "पायात काटा मोडलेल्या पोरीला जत्रेला नेताय. काटा निघेपर्यंत तिला बाहेरच बसवाल, तर जत्रा उठून जाईल. खांद्यावर घ्या, जत्रा दाखवा. काटाही काढूच की." तर हा कामावरून आला की चहा पिऊन, बातम्या दिल्यासारख्या आवाजात धडा वाचायचा. आणि ईश्वरी मधेच थांबवून असं काहीतरी विचारायची की याला मागचं पान उलटावं लागायचं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर धडा तिच्या तोंडावर. श्रीकांतला ते दिसत होतं. माझं लक्ष होतं.

गुढीपाडव्याला दादा आले. निवासी शाळेतला प्रवेश पक्का झाल्याचं सांगायलाच आले होते. मी मुद्दाम शेखबाईंनाही जेवायला बोलावलं होतं. श्रीखंड-पुरी झाली, पानं उचलली, आणि दादांनी आपल्याकडचा तो ठरलेला खेळ सुरू केला. पोरांना पाहुण्यांसमोर उभं करायचं आणि म्हणायचं, वाचून दाखव, पाढा म्हण, कविता म्हण. वर्तमानपत्राची घडी त्यांनी ईश्वरीच्या हातात दिली. बघू तरी काय शिकवतात तुझ्या आईबापांना. ईश्वरीने बापाकडे पाहिलं. बापाने खालच्या फरशीकडे पाहिलं. तिने दोन शब्द वाचले, तिसऱ्याला अडली, आणि तिचे कान लालभडक झाले. दादा हसून म्हणाले, हं, पुढे. मी उठणार, तेवढ्यात शेखबाईंनी वाटी खाली ठेवली.

"दादा, एक गाणं म्हणा बरं."

दादांना वाटलं, बाई विषय बदलताहेत. मला गाता येत नाही, म्हणाले.

"येत नाही, की मन लावत नाही?"

बाईंनी अगदी शांतपणे पुढे चालू ठेवलं. "आवाज तर चांगला दणदणीत आहे. म्हणजे आळसच. लहानपणी लाड झाले असतील. जूनपासून तुम्हाला एखाद्या गवयाकडे ठेवू या का? घरापासून लांब. शिस्त लागेल."

दादा उठून उभे राहिले. आमच्या घरात काय करायचं ते आता तुमच्याकडून शिकायचं का, असं त्यांनी विचारलं. त्यातल्या 'तुमच्याकडून'वर त्यांनी जो जोर दिला तो आम्हा सगळ्यांना कळला, आणि मला माझ्याच घरात मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई म्हणाल्या, "हो. शनिवारी सहा वाजता. वहिनींना घेऊन जोडीने या." मग चपला घालता घालता श्रीकांतला म्हणाल्या, "पाहुणा आला की पोरीला फराळाच्या ताटलीसारखं पुढे करता. पाहुणा चव बघतो, नावं ठेवतो आणि आपल्या गावी जातो. तिने कुठे जायचं?"

त्या गेल्यावर श्रीकांतने मला बजावलं की ही बाई पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही. भावाचा अपमान झाला होता ना! पोरीचा झाला, त्याचं काय? तो रोजचाच. आमचं महिनाभर बोलणं बंद होतं. वाचून दाखवणं मात्र त्याने थांबवलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

मे महिन्यात बाई नगरला लेकीकडे राहायला गेल्या. गुडघ्यांनी हार खाल्ली होती, दोन मजले चढवत नव्हते. मी निरोप द्यायला गेले आणि रडायला लागले, तर माझ्यावरच खेकसल्या. रडून काय होणार, वाचन चालू आहे का? चालू आहे, म्हटलं. मग जा घरी, म्हणाल्या, मला सामान बांधायचंय.

जून आला. मी पुन्हा भांडले, पण दोघा भावांपुढे माझं काही चाललं नाही. पत्र्याची पेटी आली, तिच्यावर पांढऱ्या रंगाने नाव घातलं गेलं. निघायच्या आदल्या दिवशी श्रीकांत पेटीत गणवेश लावत होता आणि ईश्वरी शेजारी उभी राहून बघत होती. रडली नाही, हट्ट केला नाही. फक्त विचारलं, "बाबा, तिथे मला वाचून कोण दाखवणार?"

त्याच्या हातातली घडी तशीच राहिली. मग एकेक कपडा बाहेर काढून त्याने कपाटात परत ठेवला. मी मदत केली नाही. लावले होते त्याने, काढू दे त्यानेच.

संध्याकाळी त्याने स्वतःहून शेखबाईंना फोन लावला. पाडव्याच्या दिवशी जे झालं त्याबद्दल माफ करा, ईश्वरी आता इथेच राहतेय, असं चाचरत सांगितलं. बाईंचा आवाज फोनबाहेर ऐकू येई इतका खणखणीत. "माझी माफी कशाला मागताय? तिची मागितलीत का?" श्रीकांत म्हणाला, लहान आहे हो ती, तिला काय कळतंय, विसरलीही असेल. "मग विचारा तिला," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

माझ्या माहेरी नाही, सासरी नाही, कुठल्याही बापाने लेकरासमोर मान खाली घातलेली मी पाहिली नव्हती. श्रीकांत आत गेला आणि तिच्यासमोर स्टुलावर बसला. विचारलं, माझं काय काय चुकलं ते तुला आठवतं का? ज्या पोरीच्या काही लक्षात राहत नाही असं हा जगाला सांगत होता, तिने सांगायला सुरुवात केली. आत्याच्या लग्नात गाडीत काय म्हणाला होता. निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकात, तिच्या मैत्रिणीच्या आईसमोर काय म्हणाला होता. त्याचे शब्द, जसेच्या तसे, त्याच्याच आवाजात. तिचा आवाज चढला नाही की कापला नाही. मी दाराला धरून उभी होते आणि मला रडू येत नव्हतं, संताप येत होता, की हे सगळं इतकुशा डोक्यात साठवत ती आमच्याच घरात जेवत होती, झोपत होती.

तिचं सांगून झाल्यावर श्रीकांत म्हणाला, "चुकलं माझं."

ईश्वरीने थोडा विचार केला. "हे दादाकाकांसमोर म्हणाल?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. मग त्याने फोन उचलला, दादांचा नंबर लावला आणि तिला दोन्ही बाजूंचं ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.