अकरा नंबरच्या खाटेवरची गाडी

युद्धाच्या काळात मी मिलिटरी हॉस्पिटलात वॉर्ड आया होते. बंदूक कधी धरली नाही. पण नंबर होता, युनिफॉर्म होता, हुकूम होता. पोस्टिंग आमच्या नंदुरबारलाच, स्टेशनजवळच्या कापसाच्या गोदामात. तीस खाटा. पहाटे साडेपाचला पाणी, सहाला चहा, दहाला ड्रेसिंग.

अकरा नंबरला नाईक रतन गावित. चिंचपाड्याकडचा. मांडीत गोळीची जखम. मोडक्या खाटेच्या गोल पायाचे काप काढून तो चाकं करायचा. मुलीसाठी पांगुळगाडा करत होता. चाकांच्या आसासाठी मी घरची जुनी रवी दिली, फळीसाठी फुटका पोळपाट. आई ओरडली, "पोयपाट लई जास? मंग पोया काय तुन्ही पाठवर लाटू?"

रतन आघाडीवर गेला तेव्हा मुलगी सात महिन्यांची होती. त्या गोष्टीला तीन वर्षं झाली होती. हे सगळ्या वॉर्डाला कळत होतं. कोणी बोललं नाही. मी बोलले.

"रतन, पोर आते पळत व्हई. तिले पांगुळगाडा काय कामना?"

त्याने चाकू खाली ठेवला. दोन दिवस लाकडाला हात लावला नाही. शेजारच्या खाटेवरचा हवालदार मला म्हणाला, "बाई, तुमनी जीभले सेफ्टी कॅच नही का?"

तिसऱ्या दिवशी रतनने गाड्याचा उभा दांडा कापून टाकला आणि ओढायची गाडी करायला घेतली. शनिवारी दुपारच्या पॅसेंजरने बायको मुलीला घेऊन येणार होती.

शनिवारी दहा वाजून दहा मिनिटांनी ड्रेसिंग सोडताना जखमेतली धमनी फुटली.

"प्रेस! हात काढू नको!" आमचे डॉक्टर कॅप्टनसाहेब ओरडले.

मी दोन्ही मुठींनी दाबून धरलं.

"बाई, दोरी राहिली," रतन म्हणाला.

पावणेअकराला साहेब म्हणाले, "सोड आता."

मी सोडलं.

एक वाजता बायको आली. साहेबांनी तिला ऑफिसात बसवलं. मुलगी तेवढ्यात वॉर्डात शिरली. मी गाडीला दोरी बांधून तिच्या हातात दिली. दुसरं काय द्यायचं ते मला सुचलं नाही.

बा खाटेवर असेल, एवढंच आईने तिला सांगितलं होतं. एक नंबरपासून ती गाडी ओढत निघाली. प्रत्येक खाटेशी थांबायची, तोंड वर करून आपल्या बोलीत विचारायची, "तू माझा बा?"

अकरा नंबरची गादी गुंडाळलेली होती. ती बारा नंबरकडे वळली. हवालदाराने तोंडावर चादर ओढून घेतली.

नाईक रतन गावित मागच्या पडवीत होता. मीच त्याला झाकलं होतं.