जीव बोलावणारी लिब्रादा

आमच्या डोंगरात माणूस घाबरला की त्याचा जीव घाबरल्या जागीच राहतो. देह घरी येतो, जेवतो, मका पेरतो, बायकोशी भांडतोसुद्धा, पण आतून वाळत जातो. मग कुणीतरी त्या जागी जाऊन जमिनीची समजूत घालावी लागते आणि जिवाला नाव घेऊन घरी बोलवावं लागतं. आमच्या गावात हे काम लिब्रादा करायची. मी शेजारीण, म्हणून तिची टोपली उचलायचं काम माझ्या गळ्यात पडलं ते कायमचं. टोपलीत धूप, गावठी अंडी, तंबाखू, मेस्कल दारूची बाटली आणि आजाऱ्याच्या अंगातला सदरा.

लिब्रादा फार गोड होती असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बुटकी, रुंद, तोंडानं फटकळ. गावकामाला घरटी एक माणूस फुकट राबतो; तशा एका दिवशी रस्त्यासाठी पाइन तोडताना नवरा झाडाखाली सापडून गेला. रडून झाल्यावर तिनं त्याची कुऱ्हाड उचलली आणि पुढच्या गावकामाला स्वतः जाऊन उभी राहिली. पंचमंडळी म्हणाली, बाईला माफ आहे. ती म्हणाली, "माफी तुमच्याजवळच ठेवा, मला माझ्या पोराचं गावात नाव राखायचंय." पोर म्हणजे अबुंदियो, तेव्हा रांगत होता.

आजारी माणूस दारात आला की ती आधी मनगट धरायची आणि डोळे मिटून रक्ताचं ऐकायची. मग एकच विचारायची, "कुठं?" कसं आणि कधी याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. जमिनीला जागा खोटी सांगितली तर ती जीव सोडत नाही, वर अपमान झाला म्हणून घट्ट धरते, असं आम्ही मानतो.

देमेत्रियोचंच घ्या. गावच्या बँडात ट्रम्पेट वाजवायचा. तो म्हणाला, ओढ्यावर घसरलो. आम्ही दोघी ओढ्यावर जाऊन आलो, दोनदा. हा आपला सुकतोच आहे, ट्रम्पेटमधून नुसती हवा. लिब्रादानं पुन्हा मनगट धरलं.

"देमेत्रियो, ओढा म्हणतो, ह्या माणसाला आम्ही ओळखत नाही."

"मावशी, ते जरा..." त्यानं माझ्याकडे बघितलं. "तेओदोराच्या भिंतीवरून पडलो."

तेओदोरा विधवा, आणि याची बायको चांगली धडधाकट.

"आत जाताना की बाहेर येताना?"

"बाहेर येताना."

"मग बरं. जीव आत राहिला असता तर त्याला बाहेर काढायला तुझ्या बायकोलाच न्यावं लागलं असतं."

भर दुपारी, सगळी आळी दारात उभी असताना, आम्ही तेओदोराच्या भिंतीखाली धूप घातला. बायकोनं त्याला घरात घेतलं नाही ती गोष्ट वेगळी, पण पुढच्या लग्नात ट्रम्पेट डोंगरापलीकडे ऐकू गेलं.

अशी ही बाई. आणि तिच्याच घरात ती चुकली.

अबुंदियो मोठा झाल्यावर वेन्सेबरोबर उत्तरेला, सीमेपलीकडे मजुरीला गेला. वेन्से म्हणजे ओतिलियाचा एकुलता एक. ओतिलियानं अबुंदियोला बाप्तिस्म्याला हातात धरलं होतं, म्हणजे ती त्याची धर्माची आई आणि लिब्रादाची बहिणीहून जवळची. एकीच्या घरी डुक्कर कापलं की दुसरीच्या घरी चूल पेटायची नाही. पोरं एकत्र गेली आणि अबुंदियो एकटा परत आला. म्हणाला, सीमेवर पळापळ झाली, चुकामूक झाली, वेन्से पलीकडे पोचला असेल. ओतिलियानं ते धरून ठेवलं. "मेल्याला फोन करायला होत नाही, बापावर गेलाय," असं चारचौघीत म्हणायची. मृतांच्या सणाला ती नवऱ्यासाठी आणि सासू-सासऱ्यांसाठी ताट मांडायची, वेन्सेसाठी नाही. एका बाईनं नको तो सल्ला दिला तर तिला दारातून हाकललं. "जित्याचं ताट मांडतात का गं भवाने?"

इकडे अबुंदियो सुकायला लागला. मक्याची भाकरी हातात धरून बसायचा आणि कोंबड्यांना टाकायचा. लिब्रादानं मनगट धरलं, विचारलं. तो म्हणाला, "फाट्यावर. बसमधून उतरताना पाय घसरला." आम्ही फाट्यावर गेलो, अंडी पुरली, मेस्कल शिंपडली, हाका मारल्या. काही फरक नाही. मग तो म्हणाला, ओकच्या झाडाखाली, वीज पडली होती तिथं. तिथंही गेलो. मग लाकडी पुलावर. तो सांगेल तिथं ती निमूट चालायची आणि जमिनीपुढे गुडघे टेकायची. मला राग यायला लागला.

एका सकाळी ती घेवडा निवडत बसली होती. मी म्हटलं, "देमेत्रियोला दोन खेपांत पकडलंस. ह्याला का नाही खडसावत?"

"टोपली जड झाली का तुला, झेनाइदा?"

"टोपलीचं नाही बोलत मी."

तिनं खडे बाजूला केले. मला वाटलं, आता शिव्या येणार. पण ती अगदी हळू बोलली.

"खडसावलं तर तो सांगेल. आणि त्यानं सांगितलं की मला ओतिलियाच्या दारात जावं लागेल."

तेव्हा मला कळलं की पहिल्याच दिवशी मनगटात तिला सगळं ऐकू आलं होतं. जागा खोटी आहे हे माहीत असून ती जमिनीपुढे धूप घालत होती. आमच्याकडे यापेक्षा मोठं पाप जीव बोलावणारीला करता येत नाही. मला तिची चीड आली, आणि खरं सांगते, तिची दयाही इतकी आली की मी तिच्याबरोबर घेवडा निवडत बसले आणि घरी जायचं विसरले.

पावसाआधी रस्त्याचं गावकाम निघालं. अबुंदियो दगड उचलायला वाकला तो उठलाच नाही. माणसांनी त्याला घोंगडीत घालून आणलं. बातमी कळताच ओतिलिया मक्याची पातळ पेज घेऊन धावत आली. त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्यानं पाजायला लागली, आणि तोंडाचा पट्टा लिब्रादावर.

"काय बाई तू! गावाचे जीव गोळा करून आणतेस, आणि स्वतःच्या लेकाचा तेवढा सापडत नाही? नीट विचार तरी, कुठं सांडलाय ते!"

अबुंदियोनं तोंड फिरवलं. पेज गालावरून ओघळली.

ओतिलिया घरी गेल्यावर विचारता आलं असतं. लिब्रादानं तसं केलं नाही. ती पुढे आली, मुलाचं मनगट धरलं आणि धर्मबहिणीसमोर विचारलं, "पोरा, कुठं?"

तो छताकडे बघत म्हणाला,

"सीमेपलीकडे. वाळवंटात. कोरडी घळ आहे, एकच काटेरी झाड आहे. वेन्सेचा पाय मोडला होता. मी म्हटलं, तू झाडाखाली बस, मी माणसं घेऊन परत येतो. रस्त्याला लागलो तर पोलिसांनी धरलं. मी त्यांना सांगितलं, मी एकटाच होतो. मारतील म्हणून भ्यालो. मग सांगायचं राहूनच गेलं."

चमचा ओतिलियाच्या हातात तसाच होता.

"पाणी होतं त्याच्याजवळ?"

अबुंदियोनं घोंगडी तोंडावर ओढली.

"पाणी होतं का, विचारलं मी."

"एकच बाटली होती, ओतिलियाआई. चालायचं मला होतं, म्हणून मी घेतली."

ओतिलियानं त्याचं डोकं मांडीवरून उचललं, चटईवर ठेवलं, भांडं उचललं आणि निघून गेली. लिब्रादा जिथं होती तिथं खाली बसली. मी तिला पाणी द्यायला उठले आणि पाण्याला हात लावायचं धाडस झालं नाही. मला वाटलं, संपलं, आता ही दोन घरं एकमेकांच्या मयतीलाही जायची नाहीत.

पण ओतिलिया परत आली. एका हातात वेन्सेचा रविवारचा सदरा, दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला घडा.

"उत्तर कुठल्या कड्यावरून दिसते?"

लिब्रादा म्हणाली, "एवढ्या लांबून मी कधी बोलावलेलं नाही. आणि मी जमिनीला फसवलंय, ओतिलिया. माझं ती आता ऐकेल की नाही..."

"तुझं नंतर बघू. ऊठ."

अबुंदियोला मधे धरून आम्ही कड्यावर चढलो. वर ढग नव्हते. खाली डोंगरामागं डोंगर, आणि त्याच्या पलीकडे आमच्यापैकी कुणाला काही दिसत नव्हतं. लिब्रादानं धूप पेटवला, कपाळ मातीला टेकलं, आधी स्वतःची चूक सांगितली. मग जागा सांगितली: सीमेपलीकडची कोरडी घळ, एकच काटेरी झाड. तिनं बाटलीचं बूच काढलं तेव्हा ओतिलियानं तिचा हात बाजूला केला.

"दारू नको. तहानेनं गेलाय तो."

तिनं घडा कलता केला आणि शेवटच्या थेंबापर्यंत ओतला. माती पाणी पीत होती आणि आम्ही बघत होतो.

मग लिब्रादानं अबुंदियोच्या जिवाला हाक मारायला तोंड उघडलं. आयुष्यभर डोंगर उठवणारा तिचा आवाज, तो फुटेचना. ओतिलियानं तिच्याकडे बघितलंही नाही. तिनं वेन्सेचा सदरा अबुंदियोच्या हातात दिला.

"तू बोलाव. परत येतो म्हणाला होतास ना त्याला? मग तो तुझीच वाट बघत बसला असेल. माझ्या हाकेनंसुद्धा उठायचा नाही."

अबुंदियोनं सदरा छातीशी धरला. "वेन्से," तो म्हणाला. शेजारी उभी होते म्हणून मला ऐकू आलं.

"मोठ्यानं," ओतिलिया म्हणाली. "लांब आहे तो."

त्यानं हाक मारली. समोरच्या उतारावर मक्यासाठी रान साफ करणारी माणसं कंबर सरळ करून उभी राहिली.

"अजून," ती म्हणाली.