नुसती बघायला आलेली

राजगडाच्या पायथ्याशी पालीत मी ट्रेकर लोकांना पिठलं-भाकरी करून घालते. एका रविवारी माझ्याच वयाची एक बाई एकटीच आली. आधी ओढ्यात पाय सोडून निवांत बसली. मेलीला घाई म्हणून नव्हती! आमच्याकडं बाई बाहेर पडते ती माहेराला, लग्नाला, नाहीतर देवाला. मी विचारलं, "कुणाकडं आलाय?"

"कुणाकडंच न्हाई. सुट्टी हाय, गड बघाया आले."

माझ्या पोटात असं दुखलं, की तव्यावरची भाकरी करपली.

दुपार कलल्यावर ती गड उतरून आली आणि हसत म्हणाली, "वरनं तुमच्या चुलीचा धूर लई झ्याक दिसतो. तुमी तर नेहमीच बघत असाल!"

"व्हय तर," मी म्हणाले.

लग्न होऊन पालीत आले त्याला वीस वर्षं झाली. गड मी चुलीपाशी बसूनच बघितलाय.